चोरलेलं झाड आणि माझ्या बोर्डावरची शुद्ध हवा

माझ्या रोपवाटिकेच्या फाटकावर एक मनी प्लांट मी मुद्दाम चोरीसाठी ठेवला होता. त्याचा वेल फाटकाबाहेर हातभर लोंबत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज तोडता यावा म्हणून मी त्याची टोकं कधी आत ओढून घेतली नाहीत. कारण मनी प्लांट विकत आणून लावला तर घरात पैसा येत नाही, तो चोरूनच आणावा लागतो, असा आमच्या नगर जिल्ह्यात पक्का समज. एरवी दुसऱ्याच्या झाडाचं फूलही न तोडणारी माणसं मनी प्लांटपुढे बिनधास्त चोर होत. भिंगारच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका भर दुपारी डोक्यावर पदर घेऊन माझ्या वेलाचं टोक खुडताना मी आतून पाहिल्या आहेत. मी खोकले नाही की हलले नाही. तासाभराने त्याच बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "साळवेबाई, एक बरीशी कुंडी द्या, आणि थोडं खत." कुंडी आणि खत चोरीचं असावं असं सुदैवाने कुठल्याच शास्त्रात सांगितलेलं नाही.

भिंगारला, छावणीच्या कडेला, मी बावीस वर्षं रोपवाटिका चालवली. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, लष्करी साहेबांच्या बंगल्यांवर माळी होते. बदली झाली की साहेबलोक कुंड्या मागे ठेवून जात, आणि नव्या साहेबांना त्या नको असल्या की त्या आमच्या अंगणात येत. त्या कुंड्यांमध्येच मी वाढले. पुढे लग्न झालं, आमचे हे लष्कराच्या डेपोत कारकून होते, त्यांनी रस्त्याकडेची जागा भाड्याने मिळवून दिली आणि मी दुकान मांडलं. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं आधी माझं आडनाव विचारत आणि मग झाडाचं. आडनाव ऐकून दोनचार परतही गेली. त्यांची झाडं पुढे मेली असतील, अशी मी आपली मनाची समजूत घालून घेतली.

बाहेरच्यांना वाटतं, रोपवाटिका म्हणजे पाणी घालायचं आणि विकायचं. खरं कौशल्य ओळखण्यात आहे. लोक पान घेऊन येत, कधी पाकिटात, कधी वहीत दाबलेलं, कधी नुसतं मुठीत चुरगाळलेलं, आणि विचारत, "हे कसलं झाड?" चोरून आणलेल्या झाडाचं नाव मालकाला विचारता येत नाही ना! माझा नियम साधा होता. एका पानावर नाव सांगायचं नाही. पान सावलीत वेगळं होतं, उन्हात वेगळं होतं, कोवळेपणी एक आकार आणि म्हातारपणी दुसरा. मनी प्लांटचंच बघा, कुंडीत पान हाताच्या तळव्याएवढं, आणि तोच वेल नारळावर चढवला की पान सुपाएवढं होऊन चिरफाळतं. त्या एकाच वेलाची दोन पानं शेजारी ठेवली तरी गिऱ्हाईक शपथेवर सांगेल की ही दोन झाडं आहेत. म्हणून मी पूर्ण फांदी मागायची. देठ खोडाला कसा धरून आहे ते पाहायचं, नवं पान कसं उलगडतंय ते पाहायचं, थोडं कापून चीक येतो का, वास कसला येतो ते बघायचं. शिवाय कुंडी कुठे ठेवली होती, उजेड किती, हे विचारायचं. एवढं केलं की दहातली नऊ झाडं ओळखू येत. दहाव्याला मी सरळ "ठाऊक नाही" म्हणायची, आणि त्यामुळेच लोकांचा बाकीच्या नवांवर विश्वास बसायचा.

कोल्हारचे एक निवृत्त तलाठी मला कायम आठवतात. पांढरं धोतर, कडक टोपी, आणि पिशवीत अख्खी कुंडीच. म्हणाले, "बाई, चार महिने झाले, चहाचा चोथा घालतोय, अंड्याची टरफलं घालतोय. फुलं बी आली, पांढरी, बारीक. पन नाव काई कळंना." मी पिशवीत डोकावले. गृहस्थांनी कुंडीत गाजरगवत वाढवलं होतं. ज्या तणापायी अख्खा जिल्हा कातावलेला, ते यांनी इतक्या मायेने जोपासलेलं की हातभर वाढलं होतं! मी हळूच सांगितलं. तलाठी म्हणाले, "तरीच शेजारी रोज येऊन बघून जायचा आन काई बोलायचा न्हाई." मग स्वतःच इतके हसले की टोपी काढून डोळे पुसावे लागले. जाताना गुलाब घेऊन गेले.

असं सगळं मजेत चाललं होतं. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत घरोघर टीव्ही आले, मागोमाग सोफे आले, आणि सोफ्याशेजारी काहीतरी हिरवं हवं अशी टूम निघाली. त्याच सुमारास एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं की परदेशात शास्त्रज्ञांनी काचेच्या बंद पेटीत झाडं ठेवली आणि त्यांनी पेटीतली घाण हवा शोषून घेतली. मी ते कात्रण दोनदा वाचलं. पेटी बंद होती, हेही वाचलं. पण गिऱ्हाइकाला पेटीचं काय सांगायचं? मी पेंटर बोलावला आणि फाटकावर हिरव्या अक्षरांत लिहून घेतलं: 'घरातील हवा शुद्ध करणारी झाडे येथे मिळतील.' खाली एक गुबगुबीत बाळ काढायला लावलं, नाकाशी पान धरलेलं. बाळ पेंटरच्या कल्पनेतलं, पण लोकांना ते फार आवडलं.

बोर्डाने जादू केली. जे लोक एक तुळस घेऊन जायचे, ते चार-चार कुंड्या नेऊ लागले. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. आमचे हे एकदा म्हणाले, "अगं, हवा खरंच साफ होते का?" मी म्हटलं, "झाडाने हवा घाण होते असं कुणी ऐकलंय का?" घरात माझ्यापुढे कुणी फार बोलत नसे.

त्याच पावसाळ्यात मंगल आली. देवळाली प्रवरेची, तिशीच्या आतबाहेरची, अंगावर नीटनेटकी सुती साडी. घरची उसाची शेती, नवरा साखर कारखान्यात कामाला. ती फाटकाशी थांबून बोर्ड वाचत होती, ओठ हलवत, शब्द न् शब्द. मग आत आली आणि म्हणाली, "बाई, हे खरं हाय का? हवा सुद्द हुती?"

"होते ना," मी म्हटलं.

"माजी पोरगी हाय, स्वाती. आठ वरसाची. तिला दम लागतो. लई लागतो. छाती शिट्टीवानी वाजती."

आज मी त्या क्षणी काय करायला हवं होतं, ते मला स्वच्छ दिसतं. तेव्हा मला फक्त गिऱ्हाईक दिसलं, आणि दया आली म्हणून मी तिला चांगली निवडक झाडं काढून दिली, सात. कुंड्यांखाली ठेवायला प्लास्टिकच्या ताटल्या दिल्या, म्हणजे फरशी खराब होणार नाही. पाणी रोज घाल, पानं ओल्या फडक्याने पूस, असं समजावलं. औषध चालू आहे का, हे मी विचारलंच नाही. ती कुंड्या खोक्यात भरून, पोरांना सांभाळावं तशी मांडीवर घेऊन एसटीने गेली.

पुढे चारपाच महिन्यांत ती आणखी दोनदा आली आणि दोन्ही वेळा झाडं घेऊन गेली. "जरा फरक वाटतो," असं म्हणाली. मलाही बरं वाटलं.

मग गळीत हंगाम सुरू झाला. एका सकाळी तिचा दीर टेम्पो घेऊन माझ्या फाटकाशी आला. तो भाजीपाला घेऊन नगरच्या मार्केटला यायचा. इंजिन चालूच ठेवून त्याने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पान आणि चिठ्ठी दिली. चिठ्ठीत मंगलने लिहिलं होतं की हे झाड नवीन आणलं आहे, स्वातीच्या उशाशी ठेवलं आहे, लवकर वाढतंय, नाव कळवा आणि हवेला चांगलं आहे का ते कळवा.

पान हिरवं, वर पांढरे शिंतोडे, वीतभर लांब. एकच पान. दीर म्हणाला, "बाई, बिगी बिगी सांगा, मार्केटला लेट हुतंय." आणि मी, जी एका पानावर कधी नाव सांगत नाही असं छातीठोकपणे आत्ताच तुम्हाला सांगितलं, मी उभ्याउभ्या म्हटलं, "अॅग्लोनेमा आहे. छान झाड. राहू दे म्हणावं." तो गेला.

आता माझी एक वाईट खोड सांगते. हातात काम असलं की जे काही हातात असेल ते मी दातात धरते. सुतळी, दोरा, पेन, काहीही. दीर गेल्यावर मी कलमं बांधायला बसले आणि ते पान गंमत म्हणून देठाने दातात धरून ठेवलं. पाच मिनिटांत जीभ चुरचुरायला लागली. दहा मिनिटांत तोंडात जणू सुया टोचताहेत असं झालं. मी थुंकले, चुळा भरल्या, थंड दूध प्यायले. जीभ सुजून टाळूला लागली. आमचे हे संध्याकाळी आले तेव्हा मी हातवारे करून सगळं सांगत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला गप्प बसलेलं त्यांनी प्रथमच पाहिलं. गडी मनातून खूश होता, चेहऱ्यावर मात्र काळजी आणली होती.

जीभ सुजली तशी अक्कल ठिकाणावर आली. ते अॅग्लोनेमा नव्हतं, डिफेनबेकिया होतं. दोन्हींची पानं कमी उजेडात अगदी बहिणींसारखी दिसतात, खोड पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. हे झाड साहेबांच्या बंगल्यातही असे आणि आप्पा आम्हा पोरांना त्याला हात लावू देत नसत. चीक तोंडात गेला की जीभ सुजते, माणसाला बोलता येत नाही, आणि लहान मुलाचा घसा सुजला तर श्वासाची पंचाईत. आणि हे झाड मी, माझ्या तोंडाने, दमेकरी पोरीच्या उशाशी 'राहू दे' म्हणून सांगितलं होतं. मंगलकडे फोन नव्हता. दीर पुन्हा कधी येणार ते ठाऊक नव्हतं. सकाळी पहिली एसटी धरायची, एवढं ठरलं.

राहुरीच्या पुढे फाट्यावर उतरले तेव्हा सूज उतरली होती, फक्त शब्द थोडे जाड निघत होते. कारखान्याचं धुराडं चालू होतं. हंगामात त्या भागात आकाशातून काजळी पडते, उसाच्या चिपाडाची काळी, हलकी राख. दोरीवरच्या कपड्यांवर पडते, अंगणातल्या पापडांवर पडते. तिथल्या बायका तिला सरावलेल्या असतात. मी मंगलचं घर विचारत गेले. स्लॅबचं नवं घर, पुढे अंगण, दारात ट्रॅक्टर.

"आगं बाई, तुमी?" मंगलला आनंद झाला. तिने सासूला हाक मारली, "आत्याबाई, नगरच्या झाडवाल्या बाई आल्यात!" आत्याबाई म्हणजे तिची सासू बाहेर आली, उंच, काटक, कपाळाला बुक्का. मी म्हटलं, "चहा नंतर. आधी स्वातीची खोली दाखव."

खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. दोन्ही खिडक्या बंद, वर फटींना कागद चिकटवलेला, काजळी आत येऊ नये म्हणून. आत एकोणीस कुंड्या होत्या, मी मोजल्या. माझ्या, आणि बाकी कुठून कुठून चोरून आणलेल्या. प्रत्येकीखाली ताटली आणि प्रत्येक ताटलीत पाणी साठलेलं. भिंतींना ओल सुटलेली, मातीचा कुबट वास. ताटल्यांच्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. आणि डास होतात म्हणून कोपऱ्यात डासांची कॉइल पेटवलेली, दिवसाढवळ्या. सगळी खोली निळसर धुराने भरलेली.

या सगळ्याच्या मध्ये, कॉटवर, स्वाती बसली होती. गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकलेली, खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलत होती. गळ्याच्या खाली खळगा पडत होता. मला बघून ती हसली आणि म्हणाली, "मावशी... झाडं..." मग श्वास घेतला. "...लई... वाडली." दोन शब्दांपुढे तिला जाता येत नव्हतं.

उशाशी डिफेनबेकिया होतं, जाडजूड खोडाचं. काल पूर्ण झाड समोर असतं तर शाळकरी पोराने ओळखलं असतं. मी ते आधी उचललं आणि बाहेर अंगणात नेऊन ठेवलं. "हिने याचं काही तोंडात घातलं नाही ना?"

"न्हाई वं. खुडताना माजाच हात खाजला हुता. तिला म्या हात लावू देत न्हाई."

"आणलंस कुठून?"

मंगल लाजली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "राहुरीच्या डॉक्टरच्या दवाखान्यातनं. बाकावर बसले हुते, शेंडा मोडून पिशवीत टाकला. मनात म्हनलं, दमाचा डॉक्टर हाय, त्यानं दारात उगंच ठिवलं असंल व्हय? काईतरी गुन असंल म्हनून तं ठिवलं!"

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "दमाचा डॉक्टर? मग डॉक्टरने औषध काय दिलंय?"

मंगल सासूकडे बघायला लागली. सासू भिंतीकडे बघायला लागली. शेवटी मंगलने कपाट उघडलं, साड्यांच्या मागून स्टीलचा डबा काढला, आणि डब्यातून पंप काढला. दम्याचा, तोंडाने ओढायचा पंप. खोक्याचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"कधी दिलाय हा?"

"पाच म्हैने झालं. डॉक्टरनं मला शिकिवला बी, कसा वढायचा ते."

"मग दिला का नाहीस?"

उत्तर सासूने दिलं, आणि ती वाईट बाई नव्हती हे मी मुद्दाम लिहिते. "पंपाची सवय लागती बाई जन्माची. गावात कळलं की पोरीला पंप लागतो, तं उंद्या लग्नाला कोन पुसंल? आन तुमच्या बोर्डावर लिवलंय की हवा सुद्द हुती. झाडानं भागत असंल तं पंप कशाला? झाड कुनाला दिसलं तरी लोक म्हंत्यात, वा, काय हौस हाय!"

मी तिथे उभी होते, आणि मला माझा बोर्ड दिसत होता. गुबगुबीत बाळ, नाकाशी पान. मी गिऱ्हाइकाच्या गळ्यात कुंड्या मारल्या एवढंच मला आजवर वाटायचं. त्या कुंड्या औषधाच्या जागी जाऊन बसतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

पण लाज बाळगत बसायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "मंगल, आत्याबाई, ऐका. बोर्डावरचं खोटं आहे. मी लिहिलं, म्हणून मीच सांगते. परदेशात झाडं काचेच्या बंद पेटीत ठेवली होती, तिथे थोडी हवा साफ झाली. घर म्हणजे पेटी नाही. शंभर कुंड्या ठेवल्या तरी जे होणार नाही, ते खिडकी उघडली की होतं. आणि तुम्ही खिडकी बंद केलीत. माझ्या ताटल्यांत पाणी साठलं, पाण्यात डास झाले, डासांना कॉइल लागली, आणि कॉइलचा धूर या पोरीच्या छातीत जातोय. वर ही ओल. झाडांनी हिचं काही भलं केलेलं नाही. आधी कॉइल विझवा, हिला बाहेर घ्या, आणि डॉक्टरने शिकवला तसा पंप द्या. आत्ता. आणि मग तिला दवाखान्यात न्या."

"तुमीच इकली आन तुमीच खोटं म्हन्ता?" सासू म्हणाली.

"हो. मीच."

"आन लग्नाचं?"

"आत्याबाई, लग्नाला अजून बारा-पंधरा वर्षं आहेत. पोरगी तोवर पोचायला हवी ना? तिच्याकडे बघा एकदा. बोलणं राहू द्या, नुसतं बघा."

सासूने बघितलं. खरं म्हणजे ती रोज बघत होती, पण आता माझ्यासमोर तिला बघावं लागलं. स्वाती मान खाली घालून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत होती. मग म्हातारीने स्वतःच जाऊन कॉइल चपलेखाली विझवली, नातीला खांद्याशी धरून अंगणात आणलं, आणि सुनेला म्हणाली, "दे तिला ते. काय हुयाचं ते हुंदे. आन तुज्या नवऱ्याला फोन कर कारखान्यात, टेम्पो घिऊन यायला सांग धाकल्याला."

मंगलने सील फोडलं, पंप हलवला, स्वातीला श्वास सोडायला लावला आणि डॉक्टरने दाखवल्याप्रमाणे दिला. थोडं थांबून पुन्हा दिला. शेजारणीकडे फोन होता, तिथून निरोप गेला. टेम्पो येईपर्यंत आम्ही अंगणात बसलो. मंगल माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत म्हणाली, "पाच म्हैने, बाई. माज्याच कपाटात हुतं ते."

मी उठले आणि खोलीतल्या कुंड्या एकेक करून बाहेर आणायला लागले.

पुढचं इथेच सांगून टाकते. डॉक्टरांनी त्याच दिवशी उपचार नीट सुरू केले, आणि दवाखान्यातलं ते डिफेनबेकिया दारातून उचलून उंच कट्ट्यावर ठेवलं, कारण मीही सोबत जाऊन त्यांना झाडाची जात सांगितली. मी भिंगारला परतले तशी पेंटरला बोलावून बोर्ड पुसून घेतला, बाळासकट. नवीन लिहिलं: 'शोभेची झाडे.' आमचे हे म्हणाले, "विक्री कमी होईल." झाली. तरीही मी कुणी "हवा शुद्ध होते का" असं विचारलं की सांगायची, "नाही. घरात झाड हवं तर डोळ्यांना बरं वाटतं म्हणून ठेवा. हवेसाठी खिडकी उघडा. श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरकडे जा." काही लोक मला वेडी समजून पुढच्या दुकानात गेले. एका पानावर नाव मात्र मी पुन्हा कधीही सांगितलं नाही, समोर कुणाचं इंजिन कितीही चालू असो. मंगल पुन्हा माझ्या दुकानात आली नाही. तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही.

पण त्या दिवशी अंगणात काय झालं ते सांगायचं राहिलं. मी अकरावी की बारावी कुंडी बाहेर आणत होते. वरून काजळी भुरभुरत होती, आणि सासू पदराने नातीच्या केसांवरची काजळी झटकत होती. पंप देऊन पाऊण एक तास झाला असेल. स्वाती आता सरळ बसली होती. माझ्याकडे आणि कुंड्यांच्या रांगेकडे ती बराच वेळ आळीपाळीने बघत होती, आणि एकाएकी म्हणाली,

"मावशी, हवा साफ हुत न्हाई हे तुमाला आदीपासनं म्हाईत हुतं तं मंग तुमी बोर्डावर खोटं कशापाई लिवलं?"

सासूचा हात थांबला. मंगलने वर बघितलं. आम्हा तिघींच्याही एकदमच ध्यानात आलं. एवढं लांब वाक्य, आणि पोरीने मध्ये एकदाही श्वास घेतला नव्हता.

माझ्या हातातली कुंडी मी खाली ठेवली. रडू आणि हसू एकत्र आलं. मग पदराने डोळे पुसून मी त्या आठ वर्षांच्या पोरीला खरं ते सांगितलं.

"जास्त झाडं खपावीत म्हणून, बाळा," मी म्हटलं. "पुन्हा विचार. तेच वाक्य पुन्हा एकदा विचार."